सुलक्षणा माफी मागते

"सीन बत्तीस बदललाय, रोहिणीताई. जुना फाडून टाका," असं म्हणत सहायक दिग्दर्शक प्रणवनं दोन कागद माझ्या हातात कोंबले आणि तो चहाकडे पळाला. कागद प्रिंटरमधून नुकतेच निघालेले, अजून कोमट होते. मी पहिली ओळ वाचली, चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत वाचली.

'सुलक्षणा सासूच्या पायांशी बसते. रडत म्हणते, आई, माझं चुकलं. बाईच्या जातीनं हात उचलू नये, हे मी विसरले. मला पदरात घ्या.'

मी कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला खरा सीन असेल अशी काहीतरी वेडी आशा. तिथं काही नव्हतं.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाला एका बंगल्यात 'सुलक्षणेचं सासर' या मालिकेचं शूटिंग चालायचं आणि मी तिथं प्रॉम्प्टर होते. वय एक्केचाळीस. त्याआधी चौदा वर्षं सांगलीत हौशी नाटकांच्या विंगेत उभी राहून मी लोकांना विसरलेली वाक्यं पुरवली होती. नवऱ्याची बदली ठाण्याला झाली आणि माझी ही बारीक आवाजाची विद्या मालिकेत कामाला आली. रोजच्या मालिकेत सीन सकाळी येतो आणि दुपारी चित्रित होतो. पाठांतराला वेळ कुणाला? मी कॅमेऱ्याच्या खाली पाटावर बसून एक वाक्य बोलायचे, समोरचा नट श्वासभर थांबायचा आणि तेच वाक्य भावनेसकट बोलायचा. माझा आवाज नंतर साउंडवाले पुसून टाकत. सपाट बोलायचं, त्यात भाव घालायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम.

सुलक्षणेचं काम मेधा नाडगौडा करायच्या. दोन महिन्यांपूर्वी एका भागात सुलक्षणेच्या नवऱ्यानं चार पाहुण्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली होती आणि तिनं तिथल्या तिथं त्याला परत मारली होती. दुसऱ्या दिवसापासून मेधाताईंना बघून मंडईतल्या भाजीवाल्या उठून उभ्या राहायला लागल्या. घरोघरी भांडणं झाली म्हणे. मालिका तिसऱ्या नंबरावरून पहिल्या नंबरावर गेली. आणि आता तीच सुलक्षणा पाय धरायला निघाली होती.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, आपल्या बापाचं काय जातंय. पण त्या शनिवारी माझं बरंच काही जात होतं. माझी धाकटी बहीण वैजयंता, आमची वैजू, तीन महिन्यांपासून तासगावला माहेरी येऊन बसली होती. पलूसला जावेच्या मुलाचं बारसं होतं. तिथं आहेराचं ताट चुकीच्या पाटापुढं ठेवलं म्हणून सुहासरावांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, भरल्या घरात तिला थोबाडीत दिली. वैजूनं हातातलं दुसरं ताट नीट खाली ठेवलं, पदर खोचला आणि त्यांना परत दिली.

सासरचे म्हणत होते, ही सिरियल बघून शेफारली. तारखा कुणी ताडून पाहिल्या नाहीत. मी पाहिल्या होत्या, पण मी गप्प होते.

रविवारी सकाळी दहाला पलूसहून आठ माणसं बैठकीला यायची होती. अट एकच. वैजूनं सगळ्यांसमोर पाया पडून माझं चुकलं म्हणायचं, नाहीतर तुमची मुलगी तुमच्याकडंच ठेवा.

सकाळी नऊलाच वैजूचा फोन येऊन गेला होता. "आक्का, आज सुलक्षणा काय करणाराय गं?"

"सांगता येत नाही, बाई. करारात लिहून घेतलंय. आणि तू काय त्या सिरियलवर ठरवणार आहेस होय?"

"मी कशाला? मला कळतंय की ती सिरियल हाय ते. पण आईचं काय?" वैजूनं आवाज खाली आणला. "ती थोबाडीतली दाखवल्यापासनं आई मला माफी माग म्हणायची थांबलीया. सुलक्षणेनं केलं म्हणजे त्यात काहीतरी असंल, म्हणती. आप्पा रोज सांगत्यात मिटवून टाक, तेवढी एक आईच आडवी उभी हाय. आज जर ती बया पाया पडली, तर उद्या आईच मला हाताला धरून बैठकीत नेऊन बसवंल."

ह्यात तिळमात्र अतिशयोक्ती नव्हती. आमच्या आईच्या मनात देवघरानंतर दुसरा मान सुलक्षणेचा होता. सुलक्षणेला टायफॉइड झाला तेव्हा आईनं सोमवार धरले होते. मी तिला कितीदा सांगितलं की मेधाताई दुपारी सेटवर मिसळपाव खातात, ठणठणीत आहेत. आईनं मलाच दटावलं होतं, "आजारी माणसाविषयी असं बोलू नये."

मी कागद घेऊन बागेत गेले आणि लेखकाला, गिरीधर बोकीलांना फोन लावला. "बोकील, हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं म्हणजे, लिहून घेतलं माझ्याकडून. पहाटे पाचला उठवलं. चॅनेलच्या मीटिंगमध्ये ठरलंय की ज्येष्ठ प्रेक्षक दुखावलेत. आता सूनबाई मऊ हवी."

"आणि कालचा सीन? किती सुरेख होता तो."

"होता," बोकील म्हणाले. "रोहिणीताई, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. तुमच्यासमोर मला तोंड नाही. पण माझ्या हातात आता काही नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांच्या हातात काही नव्हतं. माझ्या हातात होतं. उजव्या हातात नवा सीन आणि डाव्या हातात, अजून न फाडलेला, जुना. तिथं जास्वंदीच्या कुंडीशी उभी असताना माझं ठरलं. नोकरी जाईल, हे मला ठाऊक होतं. पुन्हा कुठल्या सेटवर कुणी उभं करणार नाही, हेही ठाऊक होतं. तरीही मी नवा सीन घडी करून पिशवीत ठेवला आणि जुना वाचायच्या पुठ्ठ्याला लावला.

वाईट एकाच गोष्टीचं वाटत होतं, ते मेधाताईंचं. त्या माझ्या आवाजावर डोळे मिटून चालायच्या. "शब्द तुमचे, भाव माझे. तुम्ही सपाट बोलता म्हणून तर मला तुम्ही लागता," असं त्या म्हणायच्या. अशा माणसाला फसवायचं म्हणजे आंधळ्याची काठी ओढण्यातलाच प्रकार. मी मेकअप रूमच्या दारापर्यंत गेले. त्या आरशासमोर मान खाली घालून नव्या सीनचे कागद वाचत बसल्या होत्या.

"आला का नवा सीन तुमच्याकडे?" त्यांनी आरशातूनच विचारलं.

"आला."

"कसा वाटला?"

"मी कोण सांगणार? मी वाचून दाखवणारी."

त्यांनी पान उलटलं. माझं काय ठरलंय, ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या गुन्ह्यात सामील झाल्या असत्या, आणि त्यांचं नाव माझ्यापेक्षा फार मोठं होतं.

एक वाजता दिवाणखान्यात दिवे लागले. तीन कॅमेरे, कोचावर सासूबाईंचं काम करणाऱ्या शालिनीबाई, बाजूला सासरे, नवरा आणि भाड्याचे सहा नातेवाईक. दिग्दर्शक विश्राम तेंडोलकर शेजारच्या खोलीत मॉनिटरसमोर बसले होते आणि त्यांच्या कानाला फोन होता. भाग त्याच संध्याकाळी साडेसातला दाखवायचा होता आणि पाच वाजता चॅनेलला पोचवायचा होता. मेधाताईंचा नाशिकला नाटकाचा प्रयोग असल्यानं त्यांची गाडी दोनला सुटणार होती. एक टेक, फार तर दोन. सगळ्यांची नुसती धावपळ चालली होती.

"ॲक्शन!"

मेधाताई दारातून आत आल्या. डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी. कोचापर्यंत आल्या आणि शालिनीबाईंच्या पायांशी बसायला वाकल्या. तेवढ्यात मी बोलले.

"मी माफी मागायला आले नाही."

त्या अर्ध्या वाकलेल्या तशाच थांबल्या. नेहमी श्वासभर थांबायच्या, ह्या वेळी चांगले दोन-तीन श्वास गेले. त्यांची नजर खाली माझ्याकडे आली. मला वाटलं, संपलं. मग त्या सावकाश ताठ झाल्या, डोक्यावरचा पदर त्यांनी खांद्यावर घेतला आणि म्हणाल्या, "मी माफी मागायला आले नाही."

"हात मी उचलला, हे खरं आहे," मी म्हटलं. माझा आवाज सपाट राहिला नव्हता. मला ते कळत होतं आणि आवरत नव्हतं.

"हात मी उचलला, हे खरं आहे."

"पण पहिला हात कुणाचा होता, ते या घरातल्या कुणीतरी एकदा मोठ्यांदा म्हणा."

मेधाताईंनी ते वाक्य घेतलं आणि कोचावरच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत, शब्द सुटा करून, म्हटलं. शालिनीबाई आशीर्वादासाठी हात वर करून बसल्या होत्या. तो हात तसाच अधांतरी राहिला आणि त्यांचं तोंड उघडं पडलं. तेवढा अस्सल अभिनय त्यांनी चारशे भागांत केला नव्हता.

"मग मी सगळ्यांच्या पाया पडते."

"मग मी सगळ्यांच्या पाया पडते."

कुणी टेक थांबवला नाही. प्रणव माझ्या मागंच उभा होता. नंतर त्यानं शपथेवर सांगितलं की त्याला वाटलं, सीन परत बदलला असेल. कॅमेरावाल्यांनाही तसंच वाटलं, नातेवाइकांनाही. आमच्याकडं एक सीन दिवसात तीनदा बदलायचा. नवीन कागद कुणाला मिळाला आणि कुणाला नाही, हे कुणी विचारतच नसे. तेंडोलकर फोनवर चॅनेलला पाच वाजताचं वचन देत होते. त्यांनी तशीच मान वर करून "कट, छान!" म्हटलं.

पावणेदोनला त्यांनी टेक परत पाहिला आणि घरभर आरडाओरडा झाला.

"हे काय आहे? रोहिणीताई, हे काय वाचलंत तुम्ही?"

"सीन बत्तीस."

"जुना! जुना सीन! अहो, चॅनेलला काय सांगू मी? लावा परत लाइट!"

मेधाताई तोवर मेकअप उतरवून, साधी कॉटनची साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभ्या होत्या. "विश्राम, दोन वाजले. नाशिकला हाउसफुल्ल आहे. मी आता थांबू शकत नाही."

"दहा मिनिटं, मेधा!"

"पुन्हा मेकअप, केस, साडी. दीड तास आहे तो. आणि माझं रडणं आजच्यापुरतं संपलंय." मग त्या शांतपणे म्हणाल्या, "चूक माझी आहे. बोलले मी."

"नाही," मी म्हटलं. "कागद माझ्या हातात होते. मी जाणूनबुजून वाचलं."

तेंडोलकरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईला शिवी दिली असावी. "जाणूनबुजून? का?"

त्यांनी मला आत्ताच्या आत्ता घरी जायला सांगितलं आणि मी पिशवी उचलली.

फाटकाशी मेधाताईंची गाडी उभी होती. त्यांनी काच खाली घेतली आणि एक गुंडाळी माझ्या हातात दिली. नव्या सीनचे कागद होते. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ, कुठं थांबायचं, कुठं हुंदका द्यायचा, त्याच्या खुणा. सगळा सीन बांधून ठेवलेला.

"तुम्हाला पाठ होता?" माझ्या तोंडून निघालं.

"अक्षर न् अक्षर. सकाळपासून घोकत होते आणि तोंडात बसत नव्हता," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहिलं वाक्य बोललात तेव्हा मला ठरवायला तीन श्वास लागले. तेवढे जास्तच घेतले. चला, नाशिक लांब आहे."

म्हणजे मी कुणाला फसवलंच नव्हतं. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

दुसरा सीन नव्हता, वेळ नव्हता, म्हणून साडेसातला तोच भाग दिसला. मी घरी एकटीनं पाहिला. चॅनेलनं काय समजायचं ते समजून घेतलं. सोमवारी माझं काम अधिकृतपणे गेलं आणि पुढच्या आठवड्यात सुलक्षणा मऊ झालीच. पण ते पुढच्या आठवड्यात.

रविवारी सकाळपासून मी फोन मांडीवर घेऊन बसले होते. दहा वाजले, अकरा वाजले. बाराला आप्पांचा फोन आला.

"काय शिकवलंस गं तू तिला?" आप्पांचा आवाज बसला होता. "आठ माणसं चहाचे कप घेऊन बसलीती. मी म्हटलं, वैजे, ये, पाया पड. आली. मधोमध उभी ऱ्हायली नि म्हणती, हात मी उचलला, खरं हाय. पण पहिला हात कुणाचा, ते हितल्या कुणीतरी एकदा मोठ्यांदा म्हणा, मग मी सगळ्यांच्या पाया पडते."

"मग? कोण बोललं?"

"कोण बोलतंय? सगळी खाली बघाय लागली. मी बी. तुझी आई बोलली. स्वयपाकघराच्या दारातनं. चाळीस वर्षांत बैठकीत तोंड उघडलं न्हवतं तिनं. पदराला हात पुसत भायेर आली नि म्हणाली, पहिला हात सुहासरावांचा. एकदा न्हाई, दोनदा म्हणाली. मग ती लोकं उठली."

"वैजू पाया पडली?"

"पडली की. वचन दिलंतं न्हवं? आठीच्या आठी जणांच्या पाया पडली. आणि म्हणाली, आता या तुम्ही."

वैजू पलूसला परत गेली नाही. पुढं सोडचिठ्ठीचे रीतसर कागद झाले. तासगावात तिनं बेदाण्याच्या एका शेडवर निवडायचं काम धरलं आणि आज ती स्वतःची शेड चालवते. चाळीस बायका आहेत तिच्याकडे. मला मेधाताईंनी त्यांच्या नाटकाच्या विंगेत उभं केलं, आणि तिथंच मी बरी आहे.

यंदा मार्चमध्ये तासगावला गेले होते. शेडमध्ये बेदाण्याचा गोड वास भरला होता. आई आता सत्त्याहत्तरची आहे, पण हात स्वस्थ बसत नाहीत. ती पाटावर बसून काड्या वेगळ्या करत होती. वैजू तिच्या शेजारी, मी समोर. अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी त्या दिवशी बाहेर काढली.

"वैजू, तुला एक सांगायचंय. ती थोबाडीत सुलक्षणेची नव्हती. तुझी होती. बारशात जे झालं ते मी सेटवर जेवताना बोकीलांना सांगितलं. मला राहवलं नाही. त्यांनी ते मालिकेत घातलं. आणि ते पहिल्या हाताचं वाक्यसुद्धा तुझंच. तू फोनवर रडताना म्हणाली होतीस, पहिला हात कुणाचा ते कुणीच म्हणत नाही गं आक्का. तेही मीच त्यांना दिलं. तुला न विचारता."

म्हणून तर तो सीन मला फाडता आला नव्हता. माझ्या बहिणीला चोरून मी टीव्हीत नेऊन ठेवलं होतं, आणि तिथं तिला पायांशी बसवायचं ठरलं होतं.

मला वाटलं, वैजू चिडेल. ती हसायला लागली.

"अगं, मला त्याच दिवशी कळलंय ते. टीव्हीवर ती बया बोलायच्या आधी तू बोललीस. बारीक आवाज आला, पण आला. प्रत्येक वाक्याला. माझं बोलणं, तुझा आवाज. मग काय वळखायचं ऱ्हायलं?"

त्या दिवशीच्या घाईत साउंडवाल्यांनी माझा आवाज पुसलाच नव्हता. मी घरी तोच भाग पाहिला होता आणि मला तो ऐकू आला नव्हता. इतकी वर्षं पुसला जातो म्हटल्यावर मी ऐकायलाच विसरले होते.

"आणि आई," मी म्हटलं, "तू सुलक्षणेचं ऐकून बैठकीत बोललीस, म्हणून मी त्या बयेचे अजून उपकार मानते."

आईनं सुपातले बेदाणे पाखडले आणि माझ्याकडे बघितलं.

"सुलक्षणेसाठी कशाला बोलीन मी? ती काय माझ्या पोटची हाय?" ती म्हणाली. "थोरली टीव्हीतनं बोलली, धाकटी बैठकीत बोलली. मग मी एकटीनंच गप कसं बसायचं?"